नव्वद दिवसांचं पीक

आमच्या माणदेशात माणूस कुठल्याही कामाला हात घालण्याआधी ‘किती दिवस लागतील?’ असं विचारतो. पाऊस कमी, त्यामुळं दिवस मोजूनच जगावं लागतं. बाजरी ८०-९० दिवसांत पदरात पडते. मालदांडी ज्वारीला चार महिने द्यावे लागतात. शेळी पाच महिन्यांत विते, गाय नऊ महिने घेते, म्हैस दहा. डाळिंबाचा बहर धरला की साधारण सहा महिन्यांनी तोडा. हे आकडे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आज्यानं बापाला सांगितले, बापानं आम्हाला. सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, दुकानदाराचा वायदा, सगळं या आकड्यांवर चालतं.

म्हणून आमच्या वाटेकऱ्यानं एकदा मला विचारलं, “तात्या, इंग्रजी किती दिसांत येती वो?” तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्याला गावात सगळे आप्पा म्हणतात. वय माझ्याबरोबरीचं, शाळा दुसरीपर्यंत. २००२ सालचा मार्गशीर्ष होता. पावसाळा कोरडा गेला होता, रानात ज्वारी गुडघ्याएवढीच राहून वाळत चालली होती. आप्पाचा पोरगा त्याच वर्षी दहावी झालेला. त्याच्या मेहुण्यानं सांगितलं होतं, पोराला पुण्यात कंपनीत चिकटवतो, पण जरा इंग्रजी बोलता आली पाहिजे.

मी दहावीपर्यंत शिकलेला. गावात आलेला कागद वाचून दाखवणारा, सातबारा समजावून सांगणारा, डाळिंबाच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचणारा. आप्पानं मला विचारलं, ते मी शिकलेला म्हणून. आणि शिकलेल्या माणसाला ‘मला माहीत नाही’ म्हणायला फार जड जातं. तालुक्याच्या स्टँडसमोर एका क्लासची पाटी मी येता-जाता वाचली होती. ‘९० दिवसांत फाडफाड इंग्रजी’. तेवढंच माझं ज्ञान. मी म्हणालो, “तीन महिने बास झाले की आप्पा. पोरगं हुशार हाय.”

आप्पानं मान हलवली. तीन महिने म्हणजे बाजरीचं पीक. एवढं तर कुणालाही समजतं.

पौष महिन्यात खरसुंडीच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. आप्पानं त्याचं खिल्लार खोंड तिथं नेलं. दोन वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं, अजून जुवाला न लावलेलं. दुष्काळात जनावराला किंमत येत नाही. चांगल्या वर्षात आलं असतं त्याच्या निम्म्यात ते गेलं. त्या पैशात क्लासची फी, खोलीचं भाडं आणि मेसचा डबा बसवून पोरगं तालुक्याला गेलं.

तीन महिन्यांनी ते परत आलं. चैत्र संपत आला होता. मी हौसेनं विचारलं, “काय रं, येती का आता?” त्यानं खाली मान घातली. मी म्हणालो, “एखादं वाक्य तर बोल.” ते बोललं. आपलं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव सांगणारी तीन-चार वाक्यं. पाठ केलेली होती. पुढं मी विचारलेलं त्याला समजलं नाही. खरं सांगायचं तर मी बरोबर विचारलं होतं की नाही, हेही मला माहीत नाही. पुण्याला तो एकदा जाऊन आला. साहेबानं दोन प्रश्न विचारले आणि ‘कळवतो’ म्हणाला.

मी आप्पाला काय म्हणालो, ते आज लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, “पोरानं मन लावलेलं दिसत न्हाई.”

आमच्याकडं विहीर काढायची, बोअर मारायचं, तर आधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानात फिरतो. नारळ उभा राहिला की सांगतो, इथं २०० फुटाला दोन इंच पाणी. शेतकरी कर्ज काढून गाडी बोलावतो. ३०० फुटापर्यंत नुसता फुफाटा उडतो. मग पाणाड्या म्हणतो, “तुमच्या नशिबात न्हाई पावणं.” त्याची दक्षिणा मिळालेली असते. नारळही तो घेऊन जातो. आकडा त्याचा, नशीब आपलं.

मी पाणाड्यांना आयुष्यभर नावं ठेवत आलो. पण आप्पाच्या बाबतीत मी दुसरं काय केलं? तीन महिने हा आकडा माझा. तो चुकला तेव्हा खोट मी पोरात काढली. क्लासवाल्याला मी इथं फार दोष देत नाही. पाटी लावणं हा त्याचा धंदा होता आणि रोज एक तास तो शिकवत होता, असं पोरगंच सांगत होतं. पण आप्पानं पाटीवर विश्वास ठेवला नव्हता. त्याला पाटी वाचताच येत नव्हती. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी खोटं बोललो का? मी स्वतःला हे पुष्कळ वेळा विचारलं आहे. खोटं म्हणजे माहीत असून वेगळं सांगणं. मला तर माहीतच नव्हतं. मग खोटं कसं? पण असं म्हणून सुटता येत नाही. माहीत नसताना माहीत असल्याच्या आवाजात सांगितलं, हे खोट्याचंच भावंड. उलट खोटं बोलणारा निदान आतून सावध असतो. माझ्यासारख्याला आपण काही वाईट करतोय, याचा पत्ताच नसतो.

दोन-तीन वर्षांनी खळ्यावर बसलो असताना मी आप्पाजवळ विषय काढला. म्हणालो, “आप्पा, त्या खोंडाचं माझ्या मनाला लागून राहिलंय. थोडंफार मी देतो.” आप्पा तंबाखू मळत होता. म्हणाला, “खोंडाचं काय तात्या, खोंड गेलं. दुष्काळात तसंबी छावणीलाच बांधायचं हुतं. पर पोरगं वरीसभर कुणासंगं धड बोललं न्हाई. आपुन ढ हाय म्हनायचं. रातचं आयला म्हनायचं, तात्या म्हनलं व्हतं तीन म्हयन्यांत येती, मग मलाच का आली न्हाई?”

मी पैशाचा हिशेब धरून बसलो होतो आणि नुकसान भलतीकडंच झालं होतं. चुकीच्या आकड्यानं पैसा बुडतो ते बुडतोच. पण ज्याच्यासाठी आकडा सांगितला, तो माणूस स्वतःलाच खोटा ठरवतो. ज्वारी ६० दिवसांत कापायला गेलो आणि कणसात दाणा भरला नसला, तर ज्वारीला कुणी ढ म्हणत नाही. आपण म्हणतो, अजून दिवस भरले नाहीत. शेतकऱ्याच्या जातीला ही अक्कल पिकाच्या बाबतीत आहे. पोराच्या बाबतीत कुठं जाते कोण जाणे.

मग इंग्रजीचे दिवस भरतात तरी कधी? हा हिशेब मी पुढं बरीच वर्षं मनात ठेवला होता. माझी भाची एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. एकदा दिवाळीला आली, तेव्हा तिला मी हे सगळं सांगितलं आणि म्हणालो, “आता तू मला खरा आकडा सांग.” ती म्हणाली, “मामा, दिवसांत मोजू नका. तासांत मोजा.” आणि आम्ही वही-पेन घेऊन बसलो.

आधी माझाच हिशेब काढला. मी १९७७ साली दहावी झालो. आम्हाला एबीसीडी पाचवीला सुरू झाली. आठवड्याला इंग्रजीचे सहा तास, एक तास ३५ मिनिटांचा. सुट्ट्या, सण, परीक्षा वजा जाता वर्षाला ३६ आठवडे धरले. म्हणजे वर्षाला १२६ तास. पाचवी ते दहावी सहा वर्षं, एकूण ७५६ तास. वर्गात आम्ही साठ पोरं. मास्तर धडा वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, आम्ही प्रश्नोत्तरं उतरवून घ्यायचो. मास्तर वाईट नव्हते, पद्धतच ती होती. समजा त्यांनी स्वतः एक शब्द न बोलता सगळाच्या सगळा वेळ आम्हा पोरांना बोलायला वाटून दिला असता, तरी माझ्या वाट्याला सहा वर्षांत साडेबारा तास आले असते. प्रत्यक्षात साडेबारा मिनिटंही माझं तोंड इंग्रजीत उघडलं नसेल. दहावीला मला इंग्रजीत ३७ मार्क पडले. पास ३५ ला. त्या दोन मार्कांवर मी गावात शिकलेला म्हणून मिरवत होतो.

आता २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झाली आहे. सहाची दहा वर्षं झाली. चांगलंच झालं. पण वर्षं वाढली म्हणून पोराच्या तोंडाला येणारा वेळ वाढतोच असं नाही. रान दुप्पट केलं आणि पाण्याची पाळी तेवढीच ठेवली, तर काय होणार?

मग भाचीनं मला दोन आकडे सांगितले. ते ऐकून मी गप्प झालो.

केंब्रिजचे जे लोक जगभर इंग्रजीच्या परीक्षा घेतात, त्यांचा एक हिशेब आहे. अगदी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली, तर आपल्या पायावर उभं राहून इंग्रजी वापरता येईल, अशा मधल्या पातळीला पोचायला साधारण ५०० ते ६०० तासांचं शिकवणं लागतं. अगदी वरच्या पातळीला १००० ते १२०० तास.

दुसरा आकडा अमेरिकेचा. तिथलं सरकार आपल्या वकिलातीत पाठवायच्या लोकांना परक्या भाषा शिकवतं. त्यासाठी त्यांची मोठी संस्था आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट. इंग्रजी ही मायबोली असलेल्या माणसाला हिंदी कामापुरती नीट यायला ४४ आठवडे लागतात, असा त्यांचा अनुभव आहे. आठवड्याला २५ तास वर्गात. म्हणजे ११०० तास. ही माणसं कोण? निवडलेली, भरपूर शिकलेली. पगार चालू आहे. शिकणं हेच त्यांचं काम. वर्गात मोजकी डोकी. रात्री जनावराला वैरण टाकायची नाही, सकाळी पाण्याची पाळी नाही. तरी ११०० तास. आता इंग्रजीवाल्याला हिंदी जेवढी लांब, तेवढीच आपल्याला इंग्रजी लांब असणार. नदीच्या ह्या काठावरून मोजा नाहीतर त्या काठावरून, पात्र तेवढंच.

आणि आप्पाच्या पोराला काय मिळालं होतं? रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, बारा आठवडे. ७२ तास. मी वहीत भागाकार केला. ११०० चा पंधरावा हिस्सासुद्धा भरत नाही. आडसाली उसाला १६ ते १८ महिने लागतात. त्याचा पंधरावा हिस्सा काढला तर महिना-सव्वा महिना होतो. तेवढ्या दिवसांत उसाचा नुसता कोंब वर आलेला असतो. त्या कोंबाकडं बघून मी म्हणालो होतो, ह्यात साखर का नाही? मन लावलेलं दिसत नाही.

पण हिशेब इथंच थांबला तर अर्धा राहील. कारण आप्पाच्या पोराची गोष्ट पुढं आहे.

आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं काम. पोटापाण्यासाठी गेलेली ही माणसं केरळात, तमिळनाडूत, आंध्रात, बंगालात कुठंही भेटतील. आप्पाचा पोरगा २००४ साली असाच एका भावकीतल्या माणसाबरोबर तमिळनाडूत गेला. भट्टीपाशी बसायचं, मूस धरायची, गिऱ्हाइकाचा माल वजन करून घ्यायचा. तो जाताना मला भेटायला आला नाही. मीही गेलो नाही.

दीड-दोन वर्षांनी गावच्या यात्रेला आला, तेव्हा आप्पा त्याला घेऊन आमच्या ओसरीवर आला. चहा झाला. मध्येच त्याच्या मोबाइलची घंटी वाजली. पोरगं उठून अंगणात गेलं आणि बोलायला लागलं. तमिळ. थांबणं नाही, अडखळणं नाही. हसतंय काय, रागावतंय काय, हातवारे करून कुणाला तरी समजावतंय काय. दहा मिनिटं बोललं. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना एक शब्द कळला नाही. आप्पानं माझ्याकडं बघितलं. बोलला काहीच नाही. मीच दुसरीकडं बघितलं.

परत येऊन बसल्यावर मी त्याला विचारलं, “किती दिवसांत आली रं ही भाषा?”

ते म्हणालं, “दीस कुठं मोजल्यात तात्या? पयल्या पोंगलला समजाय लागलं. दुसऱ्या पोंगलला भांडाय याय लागलं.”

भाचीबरोबर वही घेऊन बसलो, तेव्हा हेही आम्ही मोजून बघितलं. दुकान बारा तास उघडं. त्यातले चार तास तरी तमिळ कानावर पडत असणार आणि तोंडातून काढावी लागत असणार. गिऱ्हाईक, सोनार, चहावाला, शेजारी. वर्षाचे ३०० दिवस धरले तरी १२०० तास होतात. अमेरिकेचा आकडा आणि आमच्या गलाईवाल्याचा आकडा शेजारी शेजारी येऊन बसले. हा माझा अडाणी हिशेब आहे, तो काही परीक्षेला उतरणार नाही. एका माणसाला कमी लागतील, दुसऱ्याला जास्त. पण एवढं मला पटलं की, पोरगं ढ नव्हतं. कधीच नव्हतं. तालुक्याला त्याला ७२ तास मिळाले आणि तमिळनाडूत हजारांवर. तालुक्यात चुकलं की वर्ग हसायचा. तिथं चुकलं की गिऱ्हाईक हसायचं, पण माल ठेवून जायचं.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. भाषा यायला किती दिवस, ह्या प्रश्नात ‘यायला’ म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. ज्वारी पक्व झाली की दाण्याच्या बुडाला काळा ठिपका दिसतो. दाणा दाताखाली धरला की कटकन फुटतो. भाषेच्या अंगावर असा ठिपका येत नाही. आमच्याच माणदेशातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर. शाळा अर्धवट सोडलेली. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी वाचायला शिकून परक्या मुलखातल्या कादंबऱ्या वाचल्या. ती एक इंग्रजी. पुण्यातल्या साहेबाच्या दोन प्रश्नांना उत्तर द्यायचं, ती दुसरी. मला औषधाच्या बाटलीवरचं नाव लागतं, माती परीक्षणाचा कागद लागतो, ती तिसरी. ती यायला मला शाळेनंतर पंधरा दिवसही लागले नसतील. आणि हुरड्याची वेळ असते तशीही एक असते. दाणा पिकलेला नाही, साठवता येणार नाही, पण आजच्या दिवसाला खायला गोड. एसटीत भेटलेल्या परदेशी पाहुण्याला रस्ता सांगण्याइतकी. हुरडा म्हणजे ज्वारी नव्हे म्हणून कुणी तो फेकून देत नाही. फक्त हुरड्याच्या भरवशावर कणगी बांधू नये.

म्हणजे आप्पानं मला विचारलं, तेव्हा मी आधी त्याला उलट विचारायला हवं होतं. कोणती इंग्रजी? कशासाठी? रोज किती वेळ? शिकताना पोराचं पोट कोण भरणार? चुकलं तर हसणार कोण आणि सांभाळून घेणार कोण? एवढे प्रश्न विचारले असते, तर आकडा आपोआप समोर आला असता. पण मला उत्तर देण्याची घाई होती. प्रश्न विचारणारा माणूस कमी शिकलेला दिसतो, असं मला तेव्हा वाटायचं.

मग असा आकडा सांगूच नये का? काही शहाणे लोक म्हणतात, “भाषा काय, आयुष्यभर शिकायची गोष्ट. तिला दिवस कसले लावता?” ऐकायला छान वाटतं. पण ज्याच्या घरात दाणा आहे, त्यालाच असं बोलणं परवडतं. आप्पासारख्या माणसाला दिवस माहीत असावेच लागतात. दिवस म्हणजे त्याच्याकडं पैसा. किती दिवस पोरगं रानात येणार नाही, किती दिवस डबा पोचवायचा, कोणतं जनावर विकायचं आणि कोणतं ठेवायचं, हे त्याला ठरवायचं असतं. त्याला ‘आयुष्यभर’ म्हणणं, म्हणजे न सांगणंच. माझ्या तीन महिन्यांनी त्याला खड्ड्यात घातलं, हे खरं. पण हात झटकून ‘सांगता येत नाही बाबा’ म्हटलं असतं, तरी तो पाटी वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाकडं गेला असता.

म्हणून माझं मत असं झालं आहे. आकडा सांगावा. पण सांगणाऱ्यानं त्या आकड्यात वाटेकरी व्हावं. रानात वाटा कसा असतो? बियाणं निम्मं माझं, निम्मं त्याचं. पीक बुडालं तर दोघांचं बुडतं. म्हणून वाटेकरी उगाच बाता मारत नाही. पाणाड्याचा वाटा नसतो, म्हणून त्याचा नारळ कुठंही उभा राहतो. सल्ला देणाऱ्या माणसाला एकच विचारावं, हे बुडालं तर तुझं काय बुडणार? काहीच नसेल, तर त्याचं ऐकावं, पण खोंड विकू नये.

हे असं आज लिहितोय, कारण गेल्या दिवाळीत तोच प्रश्न पुन्हा माझ्या ओसरीवर आला.

आप्पाच्या पोराचं आता तिकडं स्वतःचं दुकान आहे. त्याची थोरली पोरगी आज्या-आजीजवळ राहून इथंच शाळेत जाते. सातवीला आहे. तो दिवाळीला आला, पोरीला घेऊन माझ्याकडं आला आणि म्हणाला, “तात्या, हिला इंग्रजी याय किती दिवस लागतील?”

आप्पा खांबाला टेकून बसला होता. वीस वर्षांपूर्वी बसला होता त्याच खांबाला. त्या पोरानं मलाच का विचारावं, हे मला आजही कळलेलं नाही. कदाचित विसरला असेल. कदाचित विसरला नसेल म्हणूनच विचारलं असेल.

मी या खेपेला आत जाऊन ती वही घेऊन आलो. पोरीला विचारलं, “तुला कशासाठी पाहिजे गं?” ती म्हणाली, “नर्सिंगला जायचंय. तिकडची पुस्तकं इंग्रजीत असत्यात.” मी म्हणालो, “म्हणजे वाचायची पण पाहिजे आणि बोलायची पण.” मग तिच्या बापाला सांगितलं, “रोज एक तास पक्का धर. सणावाराला सुट्टी नाही. तीन वर्षांत ११०० तासांच्या आसपास भरतील. दोन तास जमले तर दीड वर्ष. पण तास तिच्या तोंडाचा पाहिजे, नुसता कानाचा नको. आणि तीन वर्षांनी कमी वाटलं, तर पोरीला ढ म्हणायचं नाही. मी आकडा चुकलो, असं म्हणायचं.”

तो म्हणाला, “रोज एक तास हिच्यासंगं बसणार कोण? आईला वाचाय येत न्हाई, आन् आप्पा तर...”

मी म्हणालो, “मी बसतो.”

बोलून गेलो आणि मग भ्यायलो. ३७ मार्कांचा मी. बायको आतून म्हणाली, “तुम्हाला तरी येती का?” येत नाही. पण वाटा घ्यायचा म्हटल्यावर बियाणं कुठलं का असेना, टाकावं लागतं. माझ्याकडं वेळ आहे. पोरांनी रान बघायला घेतलंय. भाचीनं पुस्तकं पाठवली, मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी लावून दिल्या.

पाडव्यापासून आम्ही बसतो. दिवेलागण झाली की पोरगी दप्तर घेऊन येते. आधी गोष्ट ऐकतो. मग ती मोठ्यानं वाचते, मी मोठ्यानं वाचतो. मग पुस्तक मिटून ती मला विचारते, मी तिला विचारतो. सगळं इंग्रजीत, मोडकं-तोडकं. पहिले पंधरा दिवस आम्ही दोघं लाजत होतो. आता ती माझ्या चुका काढते. परवा मी एक शब्द चुकीचा उच्चारला, तर म्हणाली, “तात्या, ते अक्षर म्हनायचंच नसतं, नुसतं लिहायचं असतं.” मी म्हणालो, “मग लिहायचं कशाला?” ते तिलाही माहीत नव्हतं. भाचीला फोन लावला. तीही हसली.

वहीत रोज तासाला एक रेघ मारतो. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी, धान्याची पोती मोजतात तशी. कधी आजारपण, कधी लाइट नाही, कधी गावात मयत. तरी रेघा पडतायत. आप्पा येऊन पायरीवर बसतो. त्याला एक अक्षर कळत नाही, पण तास संपेपर्यंत उठत नाही.

काल जाताना त्यानं विचारलं, “किती झालं?”

मी रेघा मोजल्या. “दोनशे अकरा.”

“अजून?”

“नऊशे धर. थोडं खालीवर.”

आप्पा थोडा वेळ गप्प बसला. मग हाताला धरून नातीला उठवलं आणि म्हणाला, “वेळेवर हाय मग.” आणि दोघं अंधारात बॅटरी लावून घराकडं गेली.